रोजचा एक काहून

‘पुस्तक उघडा’ हे दोन शब्द आमच्या सरांसमोर उच्चारायची सोय नव्हती. इतिहासाच्या तासाला एखाद्या नव्या पोरानं भोळेपणानं विचारलं, ‘सर, कितवं पान?’ की सर दोन्ही कानांवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. वर्ग गप्प झाला की वळायचे आणि म्हणायचे, “घरात शिराचं असलं तर भिंतीवर डोकं आपटता का दार पाहता? मंग पयले दार पाहू.”

धड्याच्या सुरुवातीला ते ‘दार’ म्हणायचे. धडा काय, कोणीही शिकवतो, दार शोधायला अक्कल लागते, असं त्यांचं ठाम मत होतं. पहिल्या पाच मिनिटांसाठी ते आदली सगळी संध्याकाळ घालवायचे. उरलेल्या तीस मिनिटांची त्यांना काडीचीही काळजी नसायची, आणि गंमत म्हणजे ती तीस मिनिटं आपोआप छान जायची.

मी तेव्हा नोकरीला नवी होते. मूळची धनजची, मालेगावात खोली घेतलेली, आणि शाळा तिथून मेडशीच्या बाजूला, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. मी सहावीला गणित शिकवायची. माझा वर्ग आणि सरांचा सातवीचा वर्ग यांच्यामध्ये फक्त पत्र्याचं पार्टिशन होतं. मला सगळं कसं ओळीत, चौकटीत आणि वेळेत लागतं, त्यामुळे पहिले दोन महिने मी त्या माणसावर नुसती धुमसत होते.

एकदा मी फळ्यावर दशांश अपूर्णांक मांडत होते. पलीकडून सरांचा आवाज आला, “आनि मंग राजा म्हणे, हे पत्र तर म्या लिवलंच नाही.” एवढं बोलून सर सरळ वर्गाबाहेर गेले आणि रांजणातलं पाणी सावकाश पीत उभे राहिले. सातवीत कल्लोळ झालाच, पण माझ्या वर्गातली अर्धी पोरंही पत्र्याला कान लावून बसली. एका मुलीनं मला विचारलं, मॅडम, मंग पत्र कोणी लिवलं? मला काय ठाऊक? पण खरं सांगते, तो सगळा दिवस मलाही दुसरं काही सुचेना. मधल्या सुट्टीत मी चिडून म्हटलं, सर, तुमचं दार माझ्या वर्गात उघडतं. ते भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, “मंग लावू नका.” पत्र कोणी लिहिलं ते मला सांगितलं नाहीच. गुरुवारी तिसऱ्या तासाला या म्हणाले. मी गेले, तेही स्वतःच्या वर्गाला गणितं घालून.

तिथून मी पुरती बिघडले. त्यांचा तास असला की मी पार्टिशनच्या बाजूची खुर्ची धरायची.

त्यांच्या खांद्याला कायम एक खाकी झोला असे. इतिहासाची साधनं हा धडा आला तेव्हा ते मागच्या दारानं येऊन शेवटच्या बाकावर आडवे झाले आणि म्हणाले, मी मेलो, मरून शंभर वर्षं झाली, हा झोला तेवढा जमिनीत सापडला, आता सांगा मी कोण होतो. पोरं झोल्यावर तुटून पडली. चष्म्याची काच जाड, म्हणजे माणूस म्हातारा. एसटीची तिकिटं सगळी एकाच रस्त्याची, म्हणजे रोजचा नोकरीवाला. गोळ्यांची पट्टी, म्हणजे पोटाचा त्रास. मग तळातून कागदात गुंडाळलेली खर्र्याची पुडी निघाली. पोरांनी ती टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी मांडली. सर तंबाखू खात नाहीत असं अख्ख्या गावाला वाटत होतं. मेलेले सर एक डोळा उघडून पुडीकडे बघत राहिले. मग उठून बसले आणि म्हणाले, पुरावा पक्का हाये, कबूल. त्या दिवसापासून त्यांनी खर्रा सोडला. बायकोनं वीस वर्षं डोकं आपटून जे झालं नाही ते सातवीनं पाच मिनिटांत केलं.

त्यांच्या फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत एकच शब्द कायम लिहिलेला असे : काहून? रोज ज्याला वाटेल त्यानं एक ‘काहून’ आणायचा. सरांना ज्याचं उत्तर येणार नाही असा ‘काहून’ जो आणेल, त्यानं त्या दिवशी सुट्टीची घंटा वाजवायची. कोणी नाहीच आणला तर मॉनिटरनं. सरांनी स्वतः इतक्या वर्षांत घंटेला हात लावला नव्हता. मला हक्क नाही, म्हणायचे, मला सगळी उत्तरं येतात हीच तर पंचाईत आहे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तो शब्द पुसून ‘का’ लिहायला सांगितलं. सर म्हणाले, “सायेब, ‘का’ विचारलं तर पोरगं गाइडातलं उत्तर देते. ‘काहून’ विचारलं तर घरचं देते.” शब्द राहिला.

आणि काय एकेक काहून यायचे! एका पोरीनं विचारलं होतं, पुस्तकात एवढ्या लढाया आहेत, मग एवढ्या लोकांचा सैपाक कोण करे ते काहून नाही लिवलं? सरांनी नुसते हात जोडले. पोरगी पळत घंटेकडे गेली आणि सुट्टीला चांगला अर्धा तास असताना बडवून आली.

ही घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर लांबीचा तुकडा. कडुनिंबाच्या फांदीला साखळीनं टांगलेला, आणि वाजवायला एक लोखंडी बोल्ट. सरांचे वडील याच शाळेत हेडमास्तर होते. गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणायचं. जूनमध्ये सातवीच्या पहिल्या दिवशी सर एक दार दरवर्षी न चुकता उघडायचे : पोरांना झाडाखाली नेऊन रुळाला कान लावायला सांगायचे, बोल्ट मारायला लावायचे आणि अंगात झिणझिण्या आल्या की सांगायचे की हा कारंज्याच्या छोट्या, नॅरोगेज गाडीचा रूळ, मोठ्या गुरुजींनी बैलगाडीत घालून एवढ्या दूर आणला. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा. बापाबद्दल ते एरवी कधी बोलत नसत.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर सर निवृत्त होणार होते. शेवटच्या दिवशी केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांतले, सगळे शिक्षक शाळेत येणार, सर त्यांच्यासमोर नमुना पाठ घेणार, विषय ‘धड्याची सुरुवात’, आणि त्यानंतर झाडावर गावकऱ्यांनी करून घेतलेला बोर्ड लागणार : ‘ही घंटा मोठ्या गुरुजींनी आणली.’ बोर्ड रंगवून तयार होता, वर्तमानपत्रात गुंडाळून ऑफिसात उभा केला होता. सर जाता-येता कागदाची कड उचलून बघायचे. मी त्यांना चिडवायचीसुद्धा, सर, उडून नाही जाणार. त्यांना दुसरा काही निरोप-समारंभ नकोच होता. शाल नको, नारळ नको, तेवढी बापाच्या नावाची एक ओळ हवी होती.

आणि सोयाबीन काढणीला आलं असताना, समारंभाला नऊ दिवस उरले असताना, आम्रपालीनं काहून आणला.

आम्रपाली सातवीत होती, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. बोलायची कमी, आणि घंटा तिच्या वाट्याला एकदाही आली नव्हती. ती उभी राहून म्हणाली, “सर, शाळेत पितळंची घंटी होती ना? कपाटात हाये अजून. मंग मोठ्या गुरुजींनं एवढा जड रूळ काहून आणला?”

पार्टिशनच्या अलीकडे माझा खडू थांबला. एवढी वर्षं सर ही गोष्ट सांगत होते आणि हे त्यांनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, जा, आज घंटा तुझी. आम्रपालीनं त्या दिवशी घंटा अशी वाजवली की झाडावरचे कावळे उडाले.

पण ती तिथं थांबली नाही. घरी जाऊन तिनं पणजीला विचारलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी राहिली. ती म्हणाली, “सर, रूळ मोठ्या गुरुजींनं नाही आणला. माह्या पणज्यानं आणला. माय म्हणते.”

मी पत्र्याच्या फटीतून बघत होते, लाज सोडून. सरांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी टेबलाची कड धरली आणि रोज विचारायचे तेच विचारलं, फक्त आवाज बारीक होता, “पुरावा?”

मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. म्हणाले, “मॅडम, पोरांयसंग तुमी जा. मी त्यायचा पोरगा हाये. माह्यासमोर ते माय मोकळी बोलणार नाही.” मी गणिताची बाई, आणि मला जणू एखाद्या लढाईवर पाठवत होते. मी वही घेतली, आम्रपाली आणि तिच्या दोन मैत्रिणी घेतल्या आणि निघाले.

आम्रपालीची पणजी गिरजामाय विहाराच्या मागच्या घरात ओट्यावर बसलेली होती. नव्वदीच्या आसपासची, गुडघ्यांनी जागच्या जागी बसवलेली, पण नजर चलाख. मी वही उघडली तशी म्हणाली, लिहून घेता का, घ्या मग. आणि तिनं सांगितलं.

“तवा आमच्या वस्तीत घड्याळ कोणाच्या घरी होतं, बाई? शाळेची पितळंची घंटी नाल्याच्या इकडे ऐकूच ये ना. आमचे पोरं पोचेपर्यंत पारथना होऊन जाये. मास्तर कडक. उशीर झाला का बाहेर उभं करे, उन्हात. माह्या मोठ्या पोरानं एक दिस दप्तर फेकलं, म्हणे मी जात नाही. मंग यायनं लाइनीवरच्या मुकादमाले मांगून रुळाचा तुकडा घेतला. जऊळक्याच्या टेसनाहून खांद्यावर आणला, पायी. आठ दिस हळद लावली मी त्या खांद्याले.”

मुलींपैकी एकीनं विचारलं, ‘यायनं’ म्हणजे कोणी, नाव सांग ना माय. गिरजामायनं तोंडाला पदर लावला. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं आणि आमच्यासाठी ती ते घेणार नव्हती. आम्रपाली माझ्या कानात म्हणाली : किसन.

शाळेत परत येऊन आम्ही दाखल-खारीज रजिस्टर काढलं. ते कोणी कधी फेकत नाही, शाळेच्या पहिल्या पोरापासूनचं असतं. बोट फिरवत फिरवत आम्ही गिरजामायच्या मोठ्या मुलाच्या नावावर आलो. वडिलांचं नाव किसन, व्यवसाय रेल्वे लाइनीवर मजुरी. अक्षर वळणदार, निळी शाई. ते अक्षर शाळेतल्या प्रत्येक जुन्या कागदावर होतं, मोठ्या गुरुजींचं. संध्याकाळी मालेगाव रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्या चाचांना मी बोलावून रूळ दाखवला. त्यांनी टेप लावली, एक टोला मारून ऐकलं आणि म्हणाले, “मॅडम, छोट्या गाडीची पटरी म्या किती तरी कापली. ते हलकी राह्यते. हे तिची नाही.”

मी धावत येऊन सगळं सरांपुढे ठेवलं, अगदी गणित बरोबर सुटल्याच्या आनंदात, आणि मग त्यांच्याकडे बघितल्यावर माझा आनंद एकदम ओशाळला. त्यांनी माझी वही दोनदा वाचली. ‘उन्हात’ या शब्दावर त्यांचं बोट थांबलं होतं.

मी म्हटलं, सर, नमुना पाठाला दुसरा धडा घ्या. बोर्ड लागू द्या. एका ओळीनं कोणाचं काय बिघडतं? आज मला त्या सल्ल्याची लाज वाटते.

“आम्रपालीले काय सांगू?” ते म्हणाले. “खर्र्याची पुडी चालते, बाप नाही चालत?”

पुढचे दोन दिवस ते झोला न घेताच शाळेत आले. फळ्यावर नुसती तारीख लिहायचे आणि पोरांना वाचायला सांगायचे. पोरं मुकाट वाचायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी लावत होते तर ते कडुनिंबाखाली उभे, मला हात करून बोलावत होते, डोळ्यांत जुनी चमक. रात्री त्यांना बापाचं शेवटचं आजारपण आठवलं होतं. मोठे गुरुजी अंथरुणावर पडून पुन्हा पुन्हा म्हणायचे, तो रूळ माह्या हातानं टांगला. “टांगला म्हणत होते, मॅडम. टांगला. आणला मी केलं. छोटी गाडी मी घातली, बैलगाडी मी घातली. म्हातारा खोटं नव्हता बोलत. मीच एक क्रियापद चुकलो आनि तीस वर्षं तेच शिकवलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “दार सापडलं.”

समारंभाच्या दिवशी व्हरांड्यात साठेक माणसं होती. केंद्रप्रमुख, बाकीच्या शाळांचे शिक्षक, गावकरी. सरांनी सातवीचा अर्धा वर्ग आधीच नाल्यापलीकडे गिरजामायच्या ओट्यापाशी पाठवला होता. प्रत्येकाकडे पांढरा रुमाल. सूचना एकच : घंटा ऐकू आली तर रुमाल वर. कोणती घंटा, किती वाजता, काही सांगितलं नव्हतं. सरांनी कपाटातली पितळी घंटा काढून माझ्या हातात दिली. “वाजवा मॅडम. जीव लावून वाजवा.”

मी वाजवली. दोन्ही हातांनी, खांदे दुखेपर्यंत वाजवली. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी कानांत बोटं घातली. नाल्यापलीकडे पोरं स्पष्ट दिसत होती, आमच्याकडे तोंड करून उभी. एकही रुमाल हलला नाही. केंद्रप्रमुखांनी घड्याळ बघून हळूच विचारलं, सर, पाठ कधी सुरू करता? सर म्हणाले, “सुरुवातच चालू हाये, सायेब.” आणि त्यांनी आम्रपालीकडे मान वळवली.

तिनं बोल्ट उचलून रुळावर टोला मारला.

पलीकडे सगळे रुमाल एकदम वर गेले. पांढरी ओळच्या ओळ. इकडची पोरं ओरडायला लागली, मी हातातली घंटा विसरून उड्या मारल्या, दुसऱ्या शाळेतल्या एका गंभीर शिक्षकांनी चक्क शिट्टी वाजवली. तेवढ्या गोंधळात सरांनी बोर्डावरचा कागद काढला. नवा बोर्ड त्यांनी करू दिला नव्हता. जुन्याच ओळीतल्या ‘आणली’वर काट मारून वर ‘टांगली’ लिहिलं होतं, आणि मोकळ्या जागेत वर एक ओळ घातली होती : ‘ही घंटा किसनबाबांनी जऊळक्याहून खांद्यावर आणली.’ खाडाखोड राहू द्या, ते पेंटरला म्हणाले होते, तोही पुरावाच आहे.

मग त्यांनी सगळं सांगितलं. नाल्यापलीकडची पोरंही एव्हाना परत येऊन बसली होती. सरांनी आपली चूक सांगितली, क्रियापद सांगितलं, आणि बाप पोरांना उन्हात उभं करायचा तेही सांगितलं, आवाज न चढवता. वस्तीतली माणसं मागे उभी होती, ती ऐकत होती. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

सुट्टीची वेळ झाली. सर व्हरांड्यात आणून ठेवलेल्या फळ्याकडे गेले आणि म्हणाले, आजचा काहून कोणी आणला नाही, तर मी आणतो.

“माहे बाबा एवढे हुशार. उशीर झालेल्या पोरांयले त्यायनं रोज पाह्यलं. मंग एक डाव नाल्याच्या तिकडे जाऊन, आपली घंटी ऐकू येते का, हे काहून नाही पाह्यलं?”

सरांनी केंद्रप्रमुखांकडे बघितलं, माझ्याकडे, मग एकेका पोराकडे. उत्तर कोणाकडेच नव्हतं, त्यांच्याकडेही नव्हतं. अखेर आम्रपाली उठली, झाडापाशी ठेवलेला बोल्ट तिनं उचलला आणि सरांसमोर धरला.

“घ्या सर,” ती म्हणाली. “आज घंटी तुमची.”

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घंटा वाजवली. पोरं सगळी इकडेच होती, म्हणून पलीकडे कोणी बघत नव्हतं. मी बघितलं. गिरजामायच्या ओट्यावर एक पांढरा रुमाल वर झाला.